शिट्टीमामांची हिरवळ

आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाग आहे आणि तिला एक रखवालदार आहे. खरं तर उलट म्हणायला हवं. रखवालदार आहे आणि त्याची एक बाग आहे. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीमामा म्हणतात. खुद्द मामीसुद्धा मला विचारतात, "तुमचे शिट्टीमामा जेवायला घरी येणारेत, का तिथेच चरणारेत?"

हिरवळ मात्र बघत राहावं अशी. कारण सोपं आहे, तिच्यावर कुणाचं पाऊलच पडत नाही. टेकवलं की फुर्रर्र! बाकावर बसावं तर 'रंग ओला आहे' अशी पाटी. ती लागली तेव्हा माझे गुडघे शाबूत होते. झोपाळ्यांच्या साखळ्या मामांनी वर गुंडाळून बांधून टाकलेल्या.

"झिजतात हो, बाई."

"झोपाळे झिजायलाच असतात, मामा."

"मग दुरुस्तीला पैसे कोण, तुम्ही देणार?"

मामांचंही खरं होतं. नगरपालिकेने बागेकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. फाटकी नळी मामा सायकलच्या ट्यूबने बांधत, कात्रीला धारही स्वतःच लावत. जीव होता त्यांचा त्या गवतावर. आमच्यावर नव्हता, एवढंच.

मग एकदाची नगरपालिका जागी झाली. घरपट्टीत थोडी भर घालून त्यातून मोकळ्या जागा आणि बागा राखायचा निधी काढला. मी तो वाढीव कर कुरकुर न करता भरला, ही गल्लीत बातमी झाली. अट एकच होती. जी जागा लोक खरंच वापरतात तिलाच पैसा. ओस पडलेली असेल तर तिथे गाड्यांचा तळ. फाटकावरच्या नोटिशीत हे सगळं छापलं होतं. मामांनी त्यातला 'पाहणी' हा एवढाच शब्द वाचला आणि पाहुणे यायचेत म्हणून घर आवरावं तशी बाग आवरायला घेतली.

पाहणीच्या दिवशी सकाळी वाळलेलं पानसुद्धा मामांना विचारून पडत होतं. अधिकारी बाई आल्या. तरुण, सपाट चपला, फालतू बोलणं नाही. मला आवडल्या. मी हे कण्हेरीच्या आडून बघत होते. माझी रोजची जागा तीच.

"सुरेख ठेवलीय," त्या म्हणाल्या. "आणि लोक?"

मामांची छाती फुगली. "एकालाही फिरकू देत नाही, मॅडम!"

"म्हणजे कुणीच वापरत नाही?"

"माझ्या ड्युटीत? हिंमत आहे कुणाची!"

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "मग मला तसंच लिहावं लागेल. इथे डांबर पडेल."

"हिरवळीवर?"

"हिरवळीवरच."

मामा पांढरेफटक पडले. माणूस घाबरला की हात सवयीच्या जागी जातो. लोकांना बोलवायचं म्हणून त्यांनी शिट्टी तोंडात घातली आणि जीव खाऊन फुंकली.

झालं! मेंदीच्या कुंपणामागून तीन म्हातारे पत्ते छातीशी धरून उठले. टाकीआडून एक जोडपं निघालं, तो एकीकडे, ती दुसरीकडे. झाडावरून पोरं टपाटप गळली. आणि अवजारांच्या खोलीमागून, विणकाम सावरत, मैत्रिणींसकट, साक्षात मामी! सगळी वरात फाटकाकडे धावत सुटली. मी तेवढी धावले नाही. गुडघे. शब्दकोडं हातात घेऊन नुसती उभी राहिले.

"तू?" मामा मामींकडे बघतच राहिले.

"मग काय दिवसभर तुमच्या भिंती बघू? लग्न झाल्यापासून येतेय!"

अधिकारी बाईंना हसू आवरेना. "ओस कुठाय, चांगली भरलेली आहे की! पण पळणारी माणसं मी कशी धरू? बसली तर लिहीन."

"थांबा!" मामा ओरडले. "बसा! गवतावर बसा!"

कुणी हलेना. पत्तेवाल्यांपैकी एक आजोबा फाटकाबाहेरून म्हणाले, "आम्हाला काय खुळं समजता? आधी तुम्ही बसा."

मामांनी बूट काढले. एक पाय ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग डोळे मिटून, पाळण्यातल्या पोरावर बसायला सांगितल्यासारखं तोंड करून, ते हळूच टेकले. आधी मामी येऊन शेजारी बसल्या, मग मी, मग बाकीचे. बाईंनी लिहिलं.

निधी मिळाला. नवी नळी आली, झोपाळे खाली आले, रंग एकदाचा वाळला.

शिट्टी सुटली असेल असं वाटत असेल तर तुम्हाला मामा कळलेच नाहीत. गवतालाही विसावा हवा म्हणून त्यांनी हिरवळीचे दोन भाग केलेत. एक आमचा, एक विश्रांतीचा, आणि लहर येईल तेव्हा अदलाबदल. काल कोडं अगदी सुटत आलं होतं, तेवढ्यात कानाशी फुर्रर्र.

"बाई, चला. पलीकडे."

"मामा, मी कर भरते!"

"तो गवतासाठी भरता. उठा."