आमच्या नावावर आलेली बोट

“काढ ते. नवीन आहे, वास लागेल.”

मी अंगातलं केशरी लाइफ जॅकेट काढलं.

समोर शंभरेक खुर्च्या, त्यात माणसं. मांजरीच्या रस्त्यावरचं, आमच्या प्रभागाचे पुढारी अण्णा यांचं लॉन. एरवी तिथं लग्नं लागतात. त्या दिवशी स्टेजवर रबरी बोट ठेवली होती, तिला झेंडूच्या माळा. सरकारी अनुदानातून आलेलं बचावाचं साहित्य प्रभागाच्या आपत्ती पथकाला द्यायचा कार्यक्रम होता. पथकात आम्ही बाराजण. दहा दिवसांचं प्रशिक्षण घेतलेले. वॉर्ड ऑफिसच्या साहेबांनीच सांगितलं होतं, जॅकेट घालून रांगेत उभे राहा. म्हणून मी घातलं होतं.

मला काढायला सांगणाऱ्या बाई नदीकडेच्या मोठ्या सोसायटीच्या सेक्रेटरी. पथकाच्या समितीवरही त्याच. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. त्यांनी ते जॅकेट दोन बोटांत धरलं. पर्समधून सॅनिटायझर काढलं. आतून मारलं, बाहेरून मारलं. मग सोसायटीतल्या एका मुलीला घालायला दिलं. ती मुलगी प्रशिक्षणाला एक दिवसही आली नव्हती.

“तुम्ही चहाचं बघता का जरा?” मॅडम मला म्हणाल्या.

काम सांगताना अहोजाहो.

मी चहाचं बघितलं. आणि हसले. हे सांगायला आजही जड जातं. कुणी हस म्हणालं नव्हतं. आपोआप ओठ ताणले गेले. माझी आई विश्रांतवाडीला एका बंगल्यात भांडी घासायची. तिचा कप खिडकीबाहेरच्या कठड्यावर वेगळा ठेवलेला असायचा. तीही तो उचलताना अशीच हसायची. मला तिचा राग यायचा.

अनुदान मागायचं तर अर्जात पूरग्रस्त दाखवावे लागतात. मॅडमच्या सोसायटीत तेव्हा पूरग्रस्त नव्हते. आमच्या वस्तीत होते. आदल्या वर्षी धरणातून पाणी सोडलं तेव्हा नदी आमच्या घरांत दोन दिवस राहून गेली होती. मग अण्णांची माणसं फोटो काढायला आली. चिखलातल्या गाद्या, भिजलेली दप्तरं. शेजारच्या मावशींना त्यांनी घराबाहेर खुर्चीत बसवून फोटो काढला. मावशींचे दोन्ही पाय लकव्यानं गेलेले. अर्जाच्या पहिल्या पानावर तोच फोटो होता. वस्तीतल्या घरांची यादी मी लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून.

साहित्य आलं. बोट, इंजिन, जॅकेटं, दोर, बॅटऱ्या. ठेवायचं कुठं, यावर बैठक झाली. मी हात वर करून म्हणाले, वस्तीतल्या विहारात ठेवू. जागा उंचावर आहे, पाणी तिथं चढत नाही.

अण्णा म्हणाले, “तिथं ठेवलं तर आठ दिवसांत भंगारवाल्याकडं दिसंल.”

सगळे हसले. मी खाली बघितलं. बोट लॉनच्या गोदामात गेली. चावी लॉनच्या मॅनेजरकडे.

हिवाळ्यात एक व्हिडिओ फोनवर आला. लॉनमधल्या कारंज्याच्या तळ्यात आमची बोट. त्यात अण्णांचा पुतण्या आणि त्याची नवरी, दोघं हात हलवतायत. पथकाच्या ग्रुपवर कुणीतरी टाळ्या टाकल्या. मी पण टाकल्या.

मग पुन्हा पाणी आलं.

रविवार होता. हडपसरला एका आयटी कंपनीत मी हाउसकीपिंगला होते, रविवारी सुट्टी. सकाळी नऊच्या सुमाराला धरणातून पाणी सोडल्याचा भोंगा फिरला. दहा वाजता पहिल्या गल्लीत गुडघाभर पाणी. पोरीला मी विहाराच्या गच्चीवर सोडलं. बाकीचे लोक मिळेल त्या पत्र्यावर चढत होते. मावशींचं घर सगळ्यात खाली, नदीच्या अंगाला. गल्लीतून पाणी असं ओढत होतं की पाय ठरत नव्हता. दोघा बाप्यांनी साड्या बांधून जायचा प्रयत्न केला. अर्ध्यातून परत आले. दोर पाहिजे होता. बोट पाहिजे होती.

मॅनेजरला फोन लावला.

“अण्णांना विचारून सांगतो हं.”

अण्णा फोन उचलेनात. पुन्हा मॅनेजरला लावला. तो म्हणाला, बोट मघाशीच सोसायटीकडे गेली. दोरसुद्धा त्यातच.

तेवढ्यात मावशींचा फोन.

“पोरी, पाणी खाटंला लागलंय गं.”

“आलेच मावशी,” मी म्हणाले.

ह्या मावशींनी माझी पोर सांभाळली. मी शिफ्टला जायचे तेव्हा चार वर्षं पोर त्यांच्या खाटेवर वाढली. एक पैसा घेतला नाही. आणि मी त्यांना म्हणाले, आलेच.

मागच्या उंच रस्त्यानं पळत सोसायटी गाठली. गेटजवळ कंबरेएवढं पाणी होतं. पण धार नव्हती. साचलेलं पाणी. माणसं वर आपापल्या फ्लॅटमध्ये, कोरडी. त्यांना नातेवाइकांकडे जायचं होतं, कारण लाइट गेली होती. बोट लॉबीपासून मुख्य रस्त्यापर्यंत फेऱ्या मारत होती. चालवत होता दत्ता. तिथला वॉचमन, राहणार आमच्याच वस्तीत, पथकातला. माझ्याकडे बघेना. बोटीत दोन माणसं, दोन बॅगा, एक कुत्रा आणि टीव्हीचं खोकं.

मॅडम लॉबीच्या पायरीवर कागद घेऊन उभ्या होत्या.

“मॅडम, बोट द्या. मावशी खाटेवर अडकल्यात. पाणी चढतंय.”

“इथं लिस्ट केलीय. नंबरानं चाललंय. एवढ्या वेळात वर जाता येत नाही का तुमच्या लोकांना?”

“त्यांना चालता येत नाही.”

“मग आधी हलवायचं ना. पाणी काय न सांगता आलं? सकाळी भोंगा वाजला की.”

मी थांबले.

हे कुणी मला विचारत नाही, म्हणून मीच सांगते. मी एक फेरी थांबले. कंबरभर पाण्यात, हात जोडून. ते टीव्हीचं खोकं रस्त्यावर उतरेपर्यंत. मला वाटलं, पुढचा नंबर आमचा लावतील. मला खरंच तसं वाटलं.

बोट परत आली. मॅडमनी पुढचं नाव वाचलं. एक गृहस्थ बॅग घेऊन बोटीत बसले.

माझ्या आत काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. राग नव्हता तो. डोकं एकदम गार झालं. मी बोटीची कड धरली.

“उतरा.”

“ए, कुणाला सांगतेस?”

“तुम्हाला. उतरा.”

मी त्यांची बॅग उचलून पायरीवर ठेवली. ते उतरले. का उतरले माहीत नाही. माझं तोंड बघून असेल. मॅडम ओरडल्या, “दत्ता, बोट हलवायची नाही!” दत्ता गोठल्यासारखा बसून राहिला. मी आत चढले, इंजिनची दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला सुरू झालं. दहा दिवस शिकले होते मी. खालच्या बुडालेल्या रस्त्यानं बोट वस्तीकडे वळवली. पोहोचेपर्यंत दत्तानं दोर सोडवून हातात घेतला होता.

मावशींचं दार आतल्या पाण्यानं दाबून धरलं होतं. पत्रा उचकटून आत गेलो. खाट विटांवर होती. खाटेच्या वर हातभर पाणी. मावशींनी पदर वरच्या वाशाला बांधला होता, धरून राहायला. गाठ तशीच होती. हात सुटले होते.

आम्ही त्यांना बोटीत घेतलं. मी छाती दाबली, शिकवलं होतं तशी. मोजत दाबली. दत्ता म्हणाला, बास. मी दाबतच राहिले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “जाऊन फार वेळ झालेला नव्हता.”

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही पत्र्यांवरून बाकीची सगळी माणसं काढली. एकही गेलं नाही. मावशी सोडून.

चार दिवसांनी पथकाच्या समितीकडून पोलिसांत माझ्यावर तक्रार झाली. बचावकार्यात अडथळा आणला, शासकीय बोट दमदाटी करून पळवली. पथकातून नाव कमी केलं. कंपनीच्या कंत्राटदारानं कामावर येऊ नको सांगितलं. मग अण्णांनी ऑफिसात बोलावलं. मॅडम तिथंच बसल्या होत्या. मला खुर्ची दिली. कोरा कागद दिला. पेन दिलं.

“तू आपल्याच गावची हायेस,” अण्णा म्हणाले. “चूक झाली, माफी असावी, एवढं लिही. तक्रार मागं. काम बी परत मिळंल.”

मॅडम म्हणाल्या, “सरकारी वस्तू आहे ती. कुणाच्या घरची नाही.”

मी विचारलं, “आणि मावशी?”

अण्णा म्हणाले, “म्हातारीचं वाईट झालं. पण तशी ती किती दिवस काढणार होती?”

मी पेन उघडलं. मावशींचं पूर्ण नाव लिहिलं. वय लिहिलं. मी केलेल्या प्रत्येक फोनची वेळ, मोबाइलमध्ये बघून. बोट कुठं होती. तिच्यात काय काय होतं. मी किती वेळ थांबले, तेही. खाली सही केली.

अण्णांनी वाचलं. “हे काय लिहिलंयस?”

“झालंय ते. पोच द्या.”

पोच दिली नाही. कागद फाडला. मी घरी येऊन पुन्हा लिहिला, तीन प्रती काढल्या. एक पोलीस चौकीत, एक वॉर्ड ऑफिसात, एक अनुदान दिलेल्या खात्यात. प्रत्येक ठिकाणी शिक्का मिळेपर्यंत टेबलासमोरून हलले नाही. वॉर्ड ऑफिसात तीन दिवस लागले. दत्तानं साक्षीदार म्हणून सही केलेली नाही. त्याची नोकरी अजून आहे, दोन पोरं आहेत. मी त्याला शिव्या देत नाही. पण दर आठवड्याला कागद घेऊन त्याच्या दारात जाते.

आता ते निरोप पाठवतात. माफी नको, गप्प बस, तक्रार आम्हीच मागं घेतो.

मी लेखी कळवलंय, मागं घेऊ नका. केस चालू द्या. मला पिंजऱ्यात उभं करा आणि विचारा, बोट का घेतली. तुमच्या वकिलासमोर, मॅडमसमोर, अण्णांसमोर मी उत्तर देणार आहे. बसून नाही, हात जोडून नाही. आणि उत्तर मावशींच्या पूर्ण नावानं सुरू होणार आहे.