चुलतीला बोरीखाली दिसलेली बाई

लोह्याजवळच्या आमच्या शेतात, बोरीखाली, चुलतीला भर दुपारी एक बाई दिसली. निळा पदर आणि पायाखाली साप, असं तिने सांगताच माझ्या तोंडून निघून गेलं, "ही तर मेरीमाता." एरवी मी चारचौघांत बोलत नाही, पण तेव्हा राहवलं नाही.

संध्याकाळपर्यंत गावातल्या बायकांनी खण-नारळाने बोरीची ओटी भरली. बातमी नांदेडच्या चर्चपर्यंत गेली. चौथ्या दिवशी तिथून फादर आले, शेताच्या कडेच्या धुऱ्यावर बसले आणि वही उघडली.

"चर्च अशा गोष्टींना घाईने हो म्हणत नाही," ते म्हणाले. मग चुलतीला विचारलं, "अशी मूर्ती आधी कुठं पाहिली होती का?"

चुलती आठवत राहिली. माझ्या कॉन्व्हेंट शाळेच्या फाटकाशी मेरीमातेची अगदी तशीच मूर्ती होती, आणि दहावीच्या निकालाला चुलती माझ्याबरोबर तिथं आली होती. हे सांगितलं तर सगळे तिलाच खोटी ठरवणार होते. तरी मी सांगितलं.

"घ्या," मागून शेजारीण म्हणाली. "शाळेतली बाहुली रानात आली म्हणा की."

चुलतीचा चेहरा मात्र खुलला. "हाव, तिथंच पाहिलं," ती फादरना म्हणाली. "नाव ठाऊक नव्हतं, पण तोंड वळखीचं वाटलं. म्हणून तर भ्याले न्हाई."

फादरांनी हे जसंच्या तसं लिहून घेतलं आणि तिच्याजवळ सरकून विचारलं, "मग ती बाई काय म्हणाली?"