गुणमालाबाईंनी न घेतलेलं व्रत

नाव : श्रीमती गुणमाला पायगोंडा मगदूम. वय : बावन्न. राहणार : वारणाकाठ, जिल्हा सांगली. वृत्ती : शांत, धर्मपरायण, संसारातून निवृत्त. आहार : केवळ पाणी. सदर श्राविकेने अन्नत्यागाने देह ठेवण्याचे सल्लेखना व्रत आरंभिले असून समाजबांधवांनी दर्शनाचा लाभ घ्यावा.

एकोणीसशे नव्याण्णवच्या चातुर्मासात गावच्या जैन बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, फळ्यावर हे लिहिलेलं होतं. त्यातलं नाव, वय आणि पत्ता बरोबर होता.

बाकीचं त्यांचे दीर आप्पासो यांनी ठरवलं होतं. आप्पासो बस्तीचे पंच. घरात कोण काय खातं यापेक्षा कोण काय सोडतं यावर त्यांचं बारीक लक्ष. मिरजेच्या दवाखान्यातल्या औषधाने गुणमालाबाईंचं तोंड आतून सोलून निघालं होतं; घोटभर पाण्याशिवाय काही उतरत नव्हतं. इतर कुठल्याही घरात याला तोंड येणं म्हणतात. इथे चातुर्मास होता, आजार कॅन्सरचा होता, आणि सासऱ्यांनी याच घरात हे व्रत घेऊन शांतपणे देह ठेवला होता. आप्पासोंना एवढं पुरलं.

तोंड बरं झालं त्या सकाळी गुणमालाबाई दूधभात कालवून बसल्या, तर बायका थेट चुलीपर्यंत आलेल्या. एकीने पायावर डोकं ठेवलं.

"ऊठ गं! जिती हाय मी अजून."

"अक्का, केवढं मोठं मन तुमचं."

"मन ऱ्हाऊ दे. ती साय हिकडं सरकव."

बाई चरकली. साय मात्र तिने सरकवली.

गुणमालाबाईंना जगायचं होतं. शस्त्रक्रिया झालेल्या छातीवर पुन्हा चिंचोक्याएवढ्या गाठी उठल्या होत्या. मिरजेत परदेशातून शिकून आलेला एक डॉक्टर नवा उपाय करून बघत होता : शिरेतून औषध द्यायचं, लगेच गाठीत सुया खुपसून विजेचे बारीक झटके द्यायचे. झटक्याने पेशींना क्षणभर छिद्रं पडतात आणि एरवी बाहेरच घुटमळणारं औषध आत शिरतं. एक गाठ अशी खपली धरून गळून पडली होती.

"आन् बाकीच्या?" त्यांनी विचारलं होतं.

"जिथं सुई तिथंच गुण, काकू. लांबच्या गाठींसाठी शरीराची स्वतःची फौज जागी करावी लागते. ती जागी करणारं जनुक असेच झटके देऊन गाठीत घालतात. पण ते अजून उंदरांवर चाललंय."

"उंदरं बरी झाली?"

"काही झाली."

"आन् मी?"

"माणसांपर्यंत यायला बरीच वर्षं लागतील."

उंदीर! जन्मभर त्यांनी सापळ्यातला प्रत्येक उंदीर बांधापलीकडे नेऊन सोडला होता, एक मारला नव्हता. तेच आता रांगेत पुढे उभे. परतीच्या एसटीत त्या सांगलीपर्यंत उंदरांना शिव्या घालत होत्या.

पुढचे झटके बुधवारी होते. त्याआधी संमतीच्या कागदावर घरच्या माणसाची सही हवी होती. नवरा पायगोंडा जाऊन दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरचं माणूस म्हणजे आप्पासो.

"वैनी, सांगलीपासनं लोक यायलेत," आप्पासो म्हणाले. "मुनी महाराजांस्नी व्रत द्यायची इनंती करायला जायचंय. आता करंट घेऊन काय मिळवायचं? शांतीनं जावं माणसानं."

"मला जायचंच न्हाई! एवढं कळंना तुमास्नी? मामंजींनी सोता महाराजांपुढं हात जोडलं. तुमी माझं हात जोडताय व्हय? व्रत मोठंच हाय, भावजी. घ्यायचं तवा मी घीन. तुमी ते फळ्यावर घेऊ नका. आन् शांती लय आवडत आसंल तर तुमीच करा की सुरुवात. बीपी हाय, साखर हाय. मी येते दर्शनाला."

आप्पासोंनी पेन खिशाला लावलं आणि ते उठले. तेवढ्यात आतून त्यांची बायको सुंदरी आली. लग्न होऊन आल्यापासून ती या जावेशी चुलीवरून, पाण्यावरून, वाळवणावरून भांडत आलेली. तिने नवऱ्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं.

"कुठं करायची सही, अक्का?"

"सुंदरी! काय करतीयास कळतंय का?"

"व्हय. ह्या गेल्यावर भांडू कुणाशी? तुमच्याशी भांडायला मजा न्हाई. तुमी मधीच उठून बस्तीत जाता."

बुधवारी दोघी जावा मिरजेला गेल्या. झटक्यासरशी छाती उडाली, तशी गुणमालाबाईंनी वीज शोधणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. महिन्याने डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं : 'उपचारित गाठींचा प्रतिसाद पूर्ण. रुग्णाचे सहकार्य उत्तम. प्रकृती समाधानकारक.'

काखेत नवी गाठ आली होती.