रुक्मा कंप्लेन करते

आमची जाऊ रुक्मा दिवसभर कंप्लेन करते. कोंबडीनं अंडं दिलं न्हाई, 'तुजी कंप्लेन करीन हां.' वासू, म्हंजे तिचा नवरा, माझा दीर, आमटीत मीठ जास्त झालंय म्हणाला की ही म्हणते, 'मग जा, कर कंप्लेन.' पाऊस लागला की पावसाची कंप्लेन, थांबला की थांबल्याची. माझं तर डोकं उठतं.

हा शब्द तिनं गणेशगुडीवरनं आणला. तिथं नदीत रबरी होड्या खेळायला शहरातली माणसं येतात, त्यांच्या एका लॉजवर ती चपात्या लाटायला जायची. पाव्हण्यानं नुसतं 'कंप्लेन करतो' म्हटलं की मॅनेजर पळत येतोय, दुसरी भाजी येते, वर माफीबी मागतात, हे तिनं बघितलं. तिला लई आवडलं ते. घरला येऊन तिनंबी तेच सुरू केलं, पण आमच्यात पळत यायला कोण बसलंय? कोंबडीसुदिक मान वाकडी करून बघायची आन् चालायला लागायची.

तर बसचं सांगते. आमची वाडी नंदिगड्ड्याच्या पलीकडं, रानात. रस्ता खचला म्हणून सांजची बस बंद केली. रस्ता नीट झाला, बस काय परत आली न्हाई. रुक्माची पोरगी शिल्पा जोयड्याला कॉलेजात जाते. ती दुसऱ्या गाडीनं येऊन फाट्यावर उतरायची आन् अंधार पडता पडता रानातनं चालत घरी यायची. एक दिवस वाटेत अस्वल आडवं आलं. पोरगी वाचली, चप्पल मात्र तिथंच राहिली. वासूनं तिथल्या तिथं सांगून टाकलं, सोमवारपासनं कॉलेज बंद. शिल्पा पुस्तकं माळ्यावर ठेवून आली. त्या दिवशी रुक्मानं कशाचीच कंप्लेन केली न्हाई. तवा मात्र मला भ्या वाटलं.

दुसऱ्या दिवशी आमी वाडीतली माणसं गोळा होऊन बसच्या हापिसात गेलो. फुडं आमचे सासरे, गणपतीमामा. ते वाडीचे गावकार. देवळात दरसाल गाऱ्हाणं तेच घालतात. सगळ्यांच्या वतीनं हात जोडून देवाला दुखणं सांगायचं, आन् मागं उभ्या माणसांनी दर बोलाला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. देवाफुडं न थांबता बोलणारा हा माणूस, सायबाच्या टेबलाफुडं उभा राहिला आन् म्हणाला, सगळं बरं हाय, साहेब. सासरा नसता तर तिथंच चार शब्द सुनावले असते मी.

साहेब बेळगावकडचा, मराठी बोलणारा. मान वर न काढता म्हणाला, पाशिंजर न्हाईत, बस परवडत न्हाई. मी रुक्माला कोपर मारलं. बाई, एवढी वर्सं केलीस, आता कर की! ती फुडं झाली. 'साहेब, मी कंप्लेन...' म्हणाली आन् तिथंच अडली. कोंबडीला सांगणं येगळं. मग तिचे हात आपसूक जोडले गेले आन् जे ल्हानपणापासनं कानावर पडलं व्हतं तेच तोंडातनं बाहेर आलं.

"बा म्हाराजा, आज तुज्या दारात आमी लेकरं जमलाव. आमची सांजची गाडी बंद पडली. रान मोठं हाय, पोरगी एकटी हाय, वाटंत अस्वल हाय..."

"व्हय म्हाराजा!" आमी सगळे मागनं ओरडलो. सवयच तशी, काय करणार! कारकुनाच्या हातातला च्या सांडला. साहेब उठून उभाच राहिला. मामा तिचा पदर ओढत व्हते, पण गाऱ्हाणं मधनं तोडत न्हाईत. शेवटाला तिथं हजर असलेल्या समद्यांचं भलं मागायचं असतंय, परका असला तरी. रुक्मानं तेबी मागितलं.

"ह्या सायबाची लेकरं जितं कुठं शिकायला असतील, तितनं त्येंस्नी सुखरूप घरला आण रे म्हाराजा."

ह्या बारीला 'व्हय म्हाराजा' म्हणताना आमचा आवाज बारीक झाला. साहेब खाली बसला. त्याची लेक लांब बेंगळूरला हॉस्टेलात हाय म्हणं. पाण्याचा ग्लास त्यानं रुक्माफुडं सरकवला आन् इचारलं, कॉलेज किती वाजता सुटतंय.

सोमवारी सांजेला अख्खी वाडी रस्त्यावर उभी. वासू सगळ्यात फुडं. बस यायला उशीर झाला, रुक्मा पदराचं टोक चावत व्हती. शेवटी वळणावर दिवे दिसले. शिल्पा उतरली, पायात नवी चप्पल. रुक्मानं लेकीला जवळ घेतलं, डोळे पुसले, आन् तशीच ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली. एवढा उशीर करतात काय, म्हणाली, मी कंप्लेन करीन.

ड्रायव्हर हसला न्हाई. हापिसातली गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली असणार. त्यानं स्टेरिंगवरचे दोन्ही हात काढले, जोडले, आन् म्हणाला,

"व्हय म्हाराजा."