चुकीच्या गाडीत बसलेली नवरी

आमच्या लग्नाचा एक किस्सा मी आयुष्यभर चवीने सांगत आलो. नव्या नवरीला माहेराहून अंबडला घेऊन निघालो होतो. शहागडला एसटी थांबली तसा मी चहाला उतरलो. बायको पाणी प्यायला उतरली आणि परतताना शेजारच्या भलत्याच गाडीत जाऊन बसली, तीही परक्या माणसाशेजारी! शोधत पोचलो, तर तिथला कंडक्टर विचारत होता, "बाई, नवरा नेमका कोणता?" इथे हमखास हशा पिकायचा.

यंदा त्याचीच विनोदी कथा केली. वाचनालयात वाचायची होती; समोर सगळे पाहुणे असणार होते आणि पहिल्या रांगेत बायको. आमच्या लेखकमंडळातल्या एका बाईंनी खर्डा वाचला आणि म्हणाल्या, "हीच गोष्ट वहिनींच्या तोंडून लिहून बघा."

त्यात काय, जन्मभर मराठी शिकवलं, डाव्या हातचा मळ! पण पहिल्याच वाक्याला अडलो. ती त्या गाडीत का बसली, हे मला माहीतच नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

ती लसूण सोलत होती. विचारल्यावर मान वर न करता म्हणाली, "तुमचं तोंड कुठं नीट पाह्यलं व्हतं मी? लग्नात सारा येळ मान खाली. पिवळ्या सदऱ्यावरून वळखत व्हते तुम्हाला. तसाच सदरा त्या गाडीत दिसला, मंग बसले. ती गाडी सुटली असती तर?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या भीतीने तिचा जीव गोळा झाला असेल, त्याच भीतीवर मी माणसं हसवत होतो, आणि ती समोर बसून ऐकत होती.

कथा नव्याने लिहिली. त्यात 'मी' म्हणजे ती. अनोळखी चेहरे, घट्ट धरलेली पिशवी. शेवटी नवरा धावत येतो आणि तिला खाली उतरवून घेतो. तिला वाचून दाखवली.

"बराबर लिहिलं," ती म्हणाली. "आता कुणी हसायचं न्हाई."

मी सुखावलो. कागद आवरायला लागलो.

"पण तुम्ही आले तव्हा मला वाटलं, आता हे त्या कंडक्टरला दोन शब्द सुनावतील. तर तुम्ही त्याच्यापेक्षा जोरात हसले. ते न्हाई लिहिलं?"

ते लिहिलं नव्हतं. आणि लाज याची वाटते, की लिहिताना मला ते आठवलं होतं.