कापसात झोपवलेलं विरजण

आमच्या घरात औषध कधीच संपत नसे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांतल्या मी दोन घ्यायचो, बरं वाटू लागायचं, आणि उरलेलं पाकीट भिंतीतल्या देवळीत जायचं, पुढच्या तापासाठी. गल्लीत कोणी खोकलं की मी त्यातलीच एखादी गोळी रंग पाहून देत असे (पिवळी घशाला, लाल-काळी बाकी सगळ्याला). महागावच्या कचेरीत मी साधा कारकून, पण गल्लीत आपला दर्जा डॉक्टरच्या जरासाच खाली आहे, अशी माझी समजूत होती.

ती कापसाची वाईट वर्षं. शेतातली अळी फवारणीला दाद देत नव्हती. औषध वाढवलं की तीही जोमानं वाढायची. जेवढा कापूस हाती आला त्याला भाव नव्हता, म्हणून भाव येईपर्यंत तो घरातच ठेवला आणि आमची पुढची खोली आढ्यापर्यंत भरून गेली. घरोघरी काळजी होती आणि मी, सांगायला लाज वाटते, सुखात होतो. कचेरीतून आलो की त्या ढिगावर चढून पडायचो. खिडकीतून उन्हाचा पट्टा यायचा, त्यात कापसाचे तंतू तरंगायचे, आणि आपण ढगात आहोत असं वाटता वाटता डोळा लागायचा. स्वप्नात अळ्या पाट्या घेऊन ओळीत बसायच्या आणि औषधांची नावं पाठ करायच्या.

अशात आमच्या चांदणी गाईच्या कासेला सूज आली. ढोरांच्या डॉक्टरांनी सडात सोडायच्या ट्यूबा दिल्या आणि सगळ्या वापरा म्हणून बजावलं. एका ट्यूबेत सूज उतरली. बाकीच्या अर्थातच देवळीत गेल्या. मग सूज परत आली, आणि देवळीतल्या ट्यूबा सोडून पाहिल्या तर तिला त्यांचं काहीच वाटेना.

"अर्ध्यात काहून सोडलं औषध?" डॉक्टर चिडले. "जंतू शिकून गेले ना आता. भारी औषध द्या लागते."

त्यांनी भारी औषध दिलं आणि गोठ्याच्या दारात उभं राहून आणखी काहीतरी समजावून सांगितलं. त्यांच्या डोक्यामागून तेव्हा बगळ्यांची माळ चालली होती. ती नदीकडे वळते की टेकडीकडे, हे मी पाहत होतो. मधूनमधून मी "हो, हो" म्हणत होतो, हे मला पक्कं आठवतं.

आता विरजणाचं सांगायला पाहिजे. माझी बायको सुमन पांढरकवड्याकडची. लग्नात तिच्या आईनं तिला एका लहानशा कडीच्या डब्यात विरजण दिलं होतं. त्यानंतर आमच्या घरचं दही म्हणजे रोज त्याच दह्यातलं चमचाभर काढून लावलेलं, मध्ये एकही खाडा नाही. आई गेली, पण दही तिच्याच चवीचं लागायचं. माहेराहून आल्यागत सुमन ते दही खायची.

भारी औषध सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातेल्यात दुधाचं दूधच.

"थंडी पडली," सुमन म्हणाली. तिनं संध्याकाळी पातेल्याला शाल गुंडाळली. सकाळी दूध.

"शालीनं काय होते," मी म्हणालो. "कापसात ठेव."

हे तिला पटलं. ढिगात खोल खड्डा करून आम्ही पातेलं त्यात निजवलं, वर कापूस लोटला, आणि राखण म्हणून मी शेजारी पडलो. इतकी गोड झोप मला पुन्हा लागली नाही. स्वप्नात बोंडाबोंडातून दही उमलत होतं आणि सासूबाई कमरेला ओटी बांधून ते वेचत होत्या. सकाळी झाकण काढलं. दूध. वर चार तंतू.

डब्यातलं जुनं दही रोज चमच्या-चमच्यानं कमी होत होतं. तळाला थोडंसं राहिलं, तेव्हा सुमनचा हात थांबला. मी मात्र शेतावर फवारणी करून तयार झालेला माणूस.

"चमच्यानं काय होणार? सगळंच टाक."

"सगळं टाकू? अन् नाई लागलं तं?"

"अवं, लागते. डोस वाढवा लागते."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. डबा पुसून घेतला. सकाळी पातेल्यात पुन्हा दूध होतं, आणि डब्यात काहीच नव्हतं. रिकामा डबा सुमननं धुतलाही नाही, तसाच फळीवर ठेवून दिला.

त्याच दिवशी रस्त्यात डॉक्टर भेटले.

"दूध फेकून देऊन राह्यले ना? मी सांगतलं होतं, औषध चालू आहे तोवर अन् नंतरही मी म्हणतो तोवर ते दूध वापरू नका. औषध दुधात उतरते. उकळलं तरी जात नाई."

"दही लागत नाही त्याचं," मी हळूच म्हणालो.

"कसं लागन? विरजणातले बी जंतूच हायेत, चांगले. औषधाले काय चांगलं-वाईट समजते?"

घरी येऊन मी सुमनला बगळ्यांसकट सगळं सांगितलं.

"म्हणजे जीव होता त्यात," ती म्हणाली. "माह्या आईचं विरजण तुमी मारलं."

मग मला आठवलं, शेजारच्या वच्छलाबाई पूर्वी आमच्याकडूनच विरजण न्यायच्या. पण उन्हाळ्यात चांदणीनं त्यांच्या वाळत घातलेल्या कुरडया खाल्ल्या, तेव्हापासून बोलणं बंद होतं. मी वाटी घेऊन गेलो. वच्छलाबाई तुळशीपाशी दिवा लावत होत्या.

"दिवा लागल्यावर विरजण नाई देत मी. अन् तुमाले तं दिवसाबी देणार नाई. सुमनले पाठवा."

सकाळी सुमन तो न धुतलेला डबा घेऊन गेली. मी कुंपणाशी उभा होतो. वच्छलाबाईंनी डबा भरला, तांब्याभर स्वतःच्या म्हशीचं दूधही दिलं. "रडतं कायले? तुह्याच मायचं हाये हे. मी फक्त सांभाळून राह्यली होती." मग कुंपणाकडे पाहून म्हणाल्या, "त्याईले हात लावू देऊ नको."

पातेलं पुन्हा कापसात निजवलं, माझ्याशिवाय. सकाळी दही असं लागलं की चमचा उभा राहिला. सुमननं एक घास घेतला आणि डोळे मिटून लगेच दुसरा घेतला. मला इतका आनंद झाला की देवळीतली सगळी पाकिटं गोठ्यामागे पुरून यावीत असं वाटलं. वाटलं फक्त.

पाकिटं देवळीतच राहिली. पुढे बऱ्याच वर्षांनी मला ताप आला, तेव्हा त्यातली एकही गोळी लागू पडेना. डॉक्टरांनी भारी औषध दिलं, त्यानं पोट बिघडलं, आणि पोटासाठी मग त्यांनी कॅप्सूल दिली. त्यात काय आहे विचारलं, तर चांगले जंतू.

सुमन हसली. "पोटातलं विरजण मेलं वाटते तुमचं," म्हणाली आणि दह्यानं भरलेली वाटी पुढ्यात ठेवून आत गेली. "सगळं खा."

थंडगार, घट्ट, सासूबाईंच्या हातचं दही. अर्ध्या वाटीतच मला बरं वाटू लागलं. डोळे जड झाले, कापसाच्या ढिगावरचं ते ऊन आठवलं, आणि त्या तंद्रीत उरलेली अर्धी वाटी मी उचलून देवळीत ठेवली. तेवढ्यात सुमन बाहेर आली.

"ते काय ठेवून राह्यले तिथं?"

"विरजणाले होईन," मी म्हणालो.

"उष्टं?"