‘चालू’ नावाचं डिझाईन

“ओ साहेब, मोर कुटं गेला?”

फोनवर सिद्धण्णा शेट होते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा चादरींचा कारखाना आहे. डिझाईन सांभाळायचं सॉफ्टवेअर पुण्याच्या एका कंपनीचं, पण त्याच्या पोटातली लायब्ररी, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचा तयार कोड, मी लिहिलेली. वळसंगहून एसटीनं येऊन कॉम्प्युटर शिकलो, शुक्रवार पेठेतल्या एका खोलीत हा कोड लिहिला. त्यावर नाव मात्र कंपनीचं. हे मला अजून सलतं.

प्रत्येक डिझाईन म्हणजे एक डेटासेट. कुठला धागा, कुठला रंग, कुठे उचलायचा, सगळं एका नावाखाली. मोराच्या चादरीची पुन्हा ऑर्डर आली होती आणि मोर सापडत नव्हता.

मी कारखान्यात जाऊन यादी उघडली. एकच डेटासेट. नाव ‘चालू’.

“बाकीची डिझाईनं?”

“मागावर जे हाय ते चालू. नवीन चढवलं की त्याचं नाव बदलून चालू करायचं. आमी फळ्यावर बी तसंच लिवायचो की.”

“आणि आधीचं चालू?”

“ते ऱ्हातंय की आत. न्हाय?”

राहत नव्हतं. नवं नाव आधीच कुणाचं असेल, तर लायब्ररी तो जुना डेटासेट पुसून टाकत होती. न विचारता. अकरा डिझाईनं गेली होती. बॅकअपही रोज आधीच्यावरच लिहिला जायचा.

तिथूनच पुण्याच्या मॅनेजर मॅडमना फोन लावला.

“माझ्या कोडची वाट कुणी लावली? कुठल्या शहाण्यानं हे असं ठेवलं?”

“आवाज खाली. मेल पाठवते, वाचा.”

मेल माझीच होती. नाव आधीच असेल तर थांबून विचारायचं का, असं त्यांच्या टीमनं विचारलं होतं. माझं उत्तर: ‘गिऱ्हाइकाला प्रश्न आवडत नाहीत. नवं ठेवा, जुनं काढा. यावर पुन्हा चर्चा नको.’

मी दोनदा वाचली. शेटनी माझ्या खांद्यावरून एकदाच वाचली.

“लायब्ररी लईच चालू हाय की तुमची.”

मी मेल बंद केली.

दुसऱ्या दिवशी मॅडमशी घासाघीस सुरू केली. त्या म्हणाल्या, नुसती वॉर्निंग दाखवू.

“वॉर्निंग कोण वाचतं? ओके दाबून मोकळे होतात.”

“थांबवलं तर ही लायब्ररी वापरणाऱ्या बाकीच्यांचे प्रोग्राम अडतील.”

“अडू द्या. निदान कळेल तरी.”

तासभर भांडलो. शेवटी ठरलं, नाव आधीच असेल तर नाव बदलणं तिथंच थांबेल. जुनं पुसायचंच असेल तर तसं वेगळं सांगावं लागेल.

मोर परत आला. शेटच्या घरी अंथरलेल्या चादरीवरून. कारखान्यातले डिझाईन मास्तर भिंगातून धागे मोजत होते, मी टाईप करत होतो. पाच दिवस लागले. बाकीच्या दहांची चादर कुणाकडेच नव्हती.

नव्या व्हर्जनमध्ये शेटनी पहिल्यांदा ‘चालू’ टाईप केलं.

“नगं म्हणतंय की हे! मग मागावरच्याला म्हणू काय?”

तेव्हा डोक्यात शिरलं. त्यांच्यासाठी ‘चालू’ हे नाव नव्हतंच, ती मागावरची जागा होती. मी त्यासाठी वेगळा रकाना दिला आणि डिझाईनला स्वतःचं नाव ठेवायला लावलं. कोड लिहिण्याआधी तो फळा एकदा बघितला असता, तर अर्ध्या तासाचं काम होतं.

लायब्ररीवर माझं नाव अजून नाही. त्या मेलखाली मात्र ठळक आहे.